सगळ्या लाइनी बर्डीलाच कशाला? शहराची वाहतूक चालवणाऱ्या गेममध्ये या चुका टाळा

नागपूरचा माणूस ‘सिटीज: स्कायलाइन्स’ (शहर उभारायचा गेम) किंवा ‘निम्बी रेल्स’ (रेल्वेचं जाळं उभारायचा गेम) उघडतो तेव्हा पहिलं काम ठरलेलं असतं. नकाशावर एक मोठी फुली काढायची. उभी लाइन खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, आडवी लाइन लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, आणि दोघींची गाठ सीताबर्डीला, म्हणजे आपल्या बर्डीला. खऱ्या मेट्रोचा पहिला टप्पा असाच आहे. जवळपास ४० किलोमीटरचा हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण सुरू झाला, त्यामुळे नकाशा डोक्यात पक्का बसलेला असतो. मग त्यावर बस चढतात. मानेवाडा–बर्डी, वाडी–बर्डी, कामठी–बर्डी, हिंगणा–बर्डी. थोडा वेळ सगळं झकास चालतं आणि मग बर्डीच्या स्टेशनवर माणसांचा ढीग साचतो. पैसे संपतात, रस्ते लाल होतात, आणि खेळणारा आणखी एक लाइन टाकतो. तीही बर्डीलाच.

या गेममधल्या बहुतेक चुका एकाच सवयीतून होतात. आपण वरून नकाशा बघत खेळतो आणि खाली थांब्यावर उभ्या माणसाकडे बघतच नाही. नकाशावर रंगीत रेघ छान दिसली की काम झालं असं वाटतं. थांब्यावरच्या माणसाला मात्र दोनच प्रश्न असतात: गाडी किती वेळाने येणार आणि मधे किती वेळा उतरावं लागणार.

एकाच जंक्शनवर सगळा भार

गर्दी दिसली की आधी एवढं तपासा: या लोकांना इथेच यायचं आहे, की इथून फक्त गाडी बदलायची आहे? ‘मिनी मेट्रो’ या रेघा ओढून स्टेशनं जोडायच्या गेममध्ये हे लगेच कळतं, कारण प्रवाशाचा आकार हेच त्याचं ठिकाण असतं. गोल स्टेशनवर चौकोनी प्रवाशांची रांग लागली असेल तर त्यांना चौकोनी स्टेशनकडे नेणारी सोय कमी पडते आहे. ‘स्कायलाइन्स’मध्ये थोडं खोदावं लागतं. स्टेशनवरच्या एखाद्या माणसावर क्लिक केलं की तो कुठे निघालाय ते दिसतं. आठ-दहा जणांवर क्लिक केलं तरी अंदाज येतो.

बहुतेक वेळा उत्तर ‘गाडी बदलायची आहे’ असंच निघतं. सक्करदऱ्याहून हिंगणा रोडच्या कॉलेजला जाणाऱ्या पोराचं बर्डीला काही काम नसतं, तुम्ही त्याला उगाच तिकडून फिरवताय. अशा वेळी बर्डीचं स्टेशन मोठं करणं किंवा शेजारी दुसरं बांधणं हा उपाय नाही. रिंग रोडसारखी, मधल्या भागाला न शिवणारी एक आडवी लाइन टाका आणि ती दोन्ही मुख्य लाइनींना बर्डीपासून दूर, वेगवेगळ्या जागी भेटवा. अजनी किंवा छत्रपती चौकाच्या बाजूला एक गाठ, सुभाष नगरच्या बाजूला दुसरी. बर्डीची गर्दी आपोआप उतरू लागते.

‘मिनी मेट्रो’त मिळणारं इंटरचेंज हे अपग्रेड स्टेशनची क्षमता ६ वरून १८ वर नेतं. ते उपयोगी आहे, पण फक्त वेळ विकत घेतं. माणसं येतच राहिली आणि निघाली नाहीत तर १८ ची जागाही भरते.

लांबच लांब लाइन

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि सगळ्यात उशिरा लक्षात येते, म्हणून इथे जरा थांबू.

समजा एक बसमार्ग एका बाजूने १२ किलोमीटर आहे. बस सिग्नल आणि थांबे धरून ताशी सरासरी १८ किलोमीटरने चालते. जायला ४० मिनिटं, यायला ४० मिनिटं, म्हणजे एक फेरी ८० मिनिटांची. ८ बस असतील तर दर १० मिनिटांनी एक बस मिळेल. आता कोपऱ्यात नवी वस्ती झाली म्हणून तुम्ही हीच लाइन ६ किलोमीटर पुढे ओढली. फेरी १२० मिनिटांची झाली. बस त्याच ८. आता बस दर १५ मिनिटांनी येते. तुम्ही नव्या वस्तीला सेवा दिली आणि जुन्या मार्गावरच्या प्रत्येक थांब्याची सेवा गुपचूप कमी केली. गेम याचा कुठलाही इशारा देत नाही. काही वेळाने मधल्या थांब्यांवर गर्दी वाढते आणि आपण म्हणतो, काहून बा, इथे तर काही बदललंच नव्हतं!

गेममधली घड्याळं खऱ्या वेळेशी जुळत नाहीत, हे खरं. पण गणित तेच राहतं. फेरीला लागणारा वेळ भागिले गाड्यांची संख्या, आलेलं उत्तर म्हणजे दोन गाड्यांमधलं वेळेचं अंतर. लाइन वाढवायची असेल तर आधी हा भागाकार करा. गाड्या वाढवणं परवडत नसेल तर नव्या वस्तीसाठी वेगळी छोटी फीडर बस टाका आणि ती मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनपर्यंतच न्या. फीडरची फेरी छोटी असते, म्हणून दोन-तीन बसमध्येही ती पटापट येते.

दर चौकाला थांबा देणं हा याच चुकीचा धाकटा भाऊ. शंकर नगर चौकात थांबा, त्याच्या दोनशे मीटर पुढे एक, गल्लीच्या तोंडाशी आणखी एक. प्रत्येक थांब्याला गाडी वेग कमी करते, माणसं चढतात-उतरतात, पुन्हा वेग घेते. ‘स्कायलाइन्स’मधले नागरिक बऱ्यापैकी चालतात, त्यांना चालू द्या. नागपूरच्या मे महिन्याचं ऊन त्या गेममध्ये नाही.

आणि वाहन निवडताना क्षमता बघा. ‘स्कायलाइन्स’च्या पहिल्या भागात साध्या बसमध्ये ३० माणसं बसतात, ट्राममध्ये ९०, मेट्रोत १८०. एका मेट्रोचं काम करायला ६ बस लागतात आणि त्या सहाही रस्त्यावर जागा खातात. जिथे बसमागून बस भरून जाते तिथे बस वाढवत बसू नका, खालून मेट्रो टाका. उलट, जिथे ४०-५० माणसंच आहेत तिथे मेट्रो टाकली तर तिजोरीला भोक पडतं. नागपूरची खरी मेट्रोसुद्धा ३ डब्यांचीच आहे, मुंबईच्या लोकलसारखी १२ डब्यांची नाही.

बस एकामागोमाग एक येतात

लाइनवर १० बस आहेत, पण थांब्यावर बराच वेळ काहीच नाही आणि मग तिघी एकदम. रस्त्यावरही हे आपण बघतो. पुढची बस सिग्नलला अडकली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमतात, त्यांना चढवण्यात ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला थांबे रिकामे मिळतात, म्हणून ती भराभर येऊन पुढचीला चिकटते. एकदा चिकटल्या की शेवटपर्यंत सुटत नाहीत.

इथे बहुतेक जण बजेटचा स्लायडर वर ओढतात. त्याने चिकटलेल्या बसांचा ताफा मोठा होतो, इतकंच. ‘स्कायलाइन्स’मध्ये थांब्यावर गाड्या अंतर राखून सोडण्याचा पर्याय आहे, तो दोन-तीन मोठ्या थांब्यांवर चालू ठेवा. सगळ्या थांब्यांवर नको, नाहीतर मागची वाहनं खोळंबतात. शिवाय ती लाइन कोणत्या चौकात अडकते ते बघा. दहापैकी नऊ वेळा दुखणं त्या एका चौकात असतं आणि औषध आपण लाइनला देत बसतो.

रेल्वेची लाइन आणि नदी

‘मिनी मेट्रो’त नदी ओलांडायला बोगदा किंवा पूल लागतो आणि ते मोजकेच मिळतात. नागपूरकराला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे शहराचे दोन भाग नाग नदीपेक्षा रेल्वेच्या रुळांनी जास्त केलेत. इतवारी, महाल एका बाजूला, बर्डी, धरमपेठ दुसऱ्या बाजूला, आणि मधे रामझुला, लोहापूल असे ठरावीक रस्ते. चूक अशी होते की एकच लाइन नदीवरून तीनदा जाते-येते आणि सगळे बोगदे तिथेच संपतात. नदीच्या प्रत्येक काठावर आपापल्या लाइनी ठेवा आणि ओलांडायला फक्त दोन लाइनी द्या.

त्याच गेममधली दुसरी चूक म्हणजे एका लाइनवर सलग गोल स्टेशनं ओवणं. गोल स्टेशनवरच्या माणसाला गोल स्टेशनवर जायचंच नसतं. गोल, त्रिकोण, गोल, चौकोन अशी मिसळ ठेवली की प्रवासी दोन-तीन स्टेशनांत उतरतो आणि गाडी मोकळी होते. चौकोन कमी असतात, म्हणून जमेल तितक्या लाइनींना एकेक चौकोन लावा. गोलाकार लाइन केली असेल तर गाड्या दोन्ही दिशांनी सोडा. नेहमीच्या मोडमध्ये खेळ थांबवून लाइनी पुन्हा काढता येतात आणि गाडी उचलून दुसरीकडे नेता येते. हे करायला लाजू नका, त्याचे गुण कापले जात नाहीत.

ओपनटीटीडी: सिग्नल आणि ‘फुल लोड’

ख्रिस सॉयरच्या १९९४ च्या ‘ट्रान्सपोर्ट टायकून’वरून तयार झालेला ‘ओपनटीटीडी’ फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही धावतो. त्यामुळे कॉलेजच्या होस्टेलांत तो टिकून आहे. त्यात गाड्या एकमेकींसमोर अडकून बसतात, याचं कारण जवळजवळ नेहमी सिग्नलची जागा असते. पाथ सिग्नल (पुढचा मार्ग मोकळा असेल तरच गाडी सोडणारा) अशाच ठिकाणी लावा, जिथे गाडी थांबली तरी तिच्या मागचं जंक्शन पूर्ण मोकळं राहील. जंक्शन संपल्या संपल्या सिग्नल लावला तर गाडीचा पुढचा भाग सिग्नलला आणि शेपूट जंक्शनवर, आणि दोन्ही दिशा बंद.

नागपूर स्टेशनजवळच्या डायमंड क्रॉसिंगचं, म्हणजे रूळ एकमेकांना आडवे कापतात त्या जागेचं, आपल्याला भारी कौतुक. गेममध्ये मात्र दोन गर्दीच्या लाइनी एकाच पातळीवर कापू देऊ नका. एक वरून न्या, पूल महाग वाटला तरी.

‘फुल लोड’चा, म्हणजे पूर्ण भरल्याशिवाय निघू नको असा आदेश मालगाडीला ठीक. शहराच्या बसला दिला तर ती थांब्यावर मुक्काम ठोकते आणि मागच्या सगळ्या बस रांगेत उभ्या राहतात. दुसरा घोळ ‘ट्रान्सफर’चा, म्हणजे पुढच्या गाडीसाठी माणसं उतरवण्याचा. फीडर बसने माणसं रेल्वे स्टेशनवर सोडली आणि तीच माणसं पुन्हा चढवून परत नेली, असं दिसतं ना? आदेशात ‘ट्रान्सफर करा आणि रिकामे निघा’ निवडा. आणि गावातल्या गावात चार घरांपुढे बस चालवून कमाई होत नाही म्हणून रडू नका. या गेममध्ये भाडं अंतरावर ठरतं आणि उशीर झाला की कमी होतं.

किरकोळ, पण डोकं खाणारे

‘स्कायलाइन्स’मध्ये लाइनवर एकही बस येत नसेल तर शेवटचा थांबा परत पहिल्या थांब्याला जोडलाय का ते बघा. वर्तुळ पूर्ण झाल्याशिवाय लाइन सुरूच होत नाही. डेपो शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर नव्या बस अर्धा वेळ डेपोतून येण्यातच घालवतात. लोकल गाड्या बाहेरगावच्या रिकाम्या गाड्यांमागे अडकल्या असतील तर स्टेशनच्या माहितीत बाहेरगावच्या गाड्यांना परवानगी देणारी खूण काढा, किंवा त्यांना वेगळं स्टेशन द्या.

जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर सामना असला की वर्धा रोडचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गेममध्येही स्टेडियम बांधलं की सामन्याच्या दिवशी अशीच लाट येते. ती लाट बघून कायमच्या गाड्या वाढवू नका, उरलेले दिवस त्या रिकाम्या धावतील. स्टेडियमजवळ दोन वेगळ्या लाइनींचे थांबे ठेवले की लाट विभागते.

शहर मोठं झालं की एक वेगळाच रोग दिसतो: बस डेपोतून निघतच नाहीत, पैसा आहे, रस्ता मोकळा आहे. ‘स्कायलाइन्स’च्या पहिल्या भागात एका वेळी १६,३८४ वाहनांची मर्यादा आहे. ती भरली की नवीन काहीच बाहेर पडत नाही. तेव्हा मालवाहू ट्रकांना मालगाडीकडे वळवा आणि खासगी गाड्यांची गर्दी जिथे जास्त तिथे मेट्रो द्या, जागा मोकळी होते.

आणि गेम नुसताच संथ झाला असेल तर चूक तुमच्या लाइनीची नसेलही. हा गेम प्रत्येक माणसाचा हिशेब करतो आणि प्रोसेसर तापवतो. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो. सावल्या आणि ग्राफिक्स खाली आणा, खेळ सगळ्यात वेगवान गतीवर सोडून जेवायला जाऊ नका. आणि राजेहो, लॅपटॉप कूलरच्या समोर ठेवू नका. ती हवा ओली असते. पंख्याखाली ठेवा आणि खालून दोन पुस्तकं लावून उचलून धरा.