पीसी सुरू व्हायला वेळ लागतो?

आधी पाहा, अडतं कुठे. विंडोजचं चिन्ह येण्याआधीच थांबत असेल तर दोष बहुधा हार्डवेअरचा. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेने रॅमच्या (पीसीतल्या मेमरीच्या पट्टीच्या) पिनांवर थर बसतो. पावसाळ्यात बीप वाजतात, पडदा काळाच राहतो. प्लग काढून रॅम उपसा, पिना खोडरबराने हलक्या पुसा, चुरा झटका. तारीख दर वेळी मागे जात असेल तर आतल्या मुख्य बोर्डावरचा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल बदला.

चिन्हानंतर रेंगाळतो? कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, उघडणाऱ्या टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप'मधले नको ते प्रोग्राम बंद करा. अँटीव्हायरस मात्र राहू द्या. तरीही टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर अडकून असेल आणि ती एचडीडी (फिरत्या तबकडीची डिस्क) असेल, तर खरा उपाय एसएसडीच (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क). घरच्या वापराला २५६ जीबी पुरते. डिस्क कटकट वाजत असेल तर आजच बॅकअप घ्या.