समाजभवनातला एक तास: वस्तीतल्या मुलांच्या मनासाठी गट कसा चालवावा

सामान फार लागत नाही. एक सतरंजी, रंगीत खडू, जुनी वर्तमानपत्रं, रबरी चेंडू, प्यायचं पाणी आणि दोन मोठी माणसं. जागा समाजभवनाची, विहाराची किंवा अंगणवाडीची चालते. वर टिनाचं छत असेल तर एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातलाच बसा. नागपूरच्या दुपारी मुलं उन्हानंच चिडलेली असतात आणि आपण भलताच अर्थ काढतो.

६ ते ११ वयाची ८ ते १० मुलं पुरे. त्याहून जास्त झाली की दोन दांडगे पोट्टे चेंडू बळकावतात आणि गप्प राहणारी पोरगी भिंतीशी जाऊन बसते. गट खरं तर तिच्यासाठीच असतो.

वार आणि वेळ बदलू नका. घरात कोण कधी येईल, कोण कधी भडकेल याचा नेम नसलेल्या मुलाला ठरल्या वेळी येणारी ताई हाच मोठा आधार असतो. खेळ फसला तर चालतं, ताईचा पत्ता नसणं चालत नाही. रजा घ्यायची असेल तर आदल्या आठवड्यात सांगा आणि परत यायची तारीख पाटीवर लिहा.

सुरुवात रोजची तीच: चेंडू ज्याच्या हातात, त्यानं नाव सांगायचं आणि हातानं दाखवायचं, मूठ म्हणजे आज बरं नाही, उघडा पंजा म्हणजे मजेत. बोलायची सक्ती नाही. मग श्वास. पुढ्यात गरम तर्री-पोह्याची प्लेट आहे असं समजा. तीन मोजेपर्यंत नाकानं वास घ्यायचा, पाच मोजेपर्यंत हळू फुंकर घालायची, असं पाच वेळा. मुलं हमखास शर्यत लावतात, जोरजोरात फुंकतात आणि चक्कर येते. म्हणून अट घाला: प्लेटमधले पोहे उडता कामा नयेत.

त्यानंतर २५ मिनिटं चित्र किंवा खेळ. काळा रंग वापरला म्हणजे मूल दुःखी, हे डोक्यातून काढून टाका. बरेचदा डब्यात तेवढाच खडू उरलेला असतो. ‘यात काय चाललंय?’ एवढंच विचारा आणि थांबा.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. अशा रात्रीनंतर कुठलंही मूल नुसत्या गडगडाटानं दचकू शकतं. ‘काय काय झालं, सांग’ म्हणत गटासमोर ती रात्र उकरू नका. त्यानं भीती वाढू शकते. मूल थरथरत असेल तर त्याच्या उंचीला बसा, पाय जमिनीला टेकवायला लावा, दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज मोजून घ्या. ‘काही होत नाही’ म्हणू नका. ‘पाऊस सुरू आहे, पण रस्त्यावर पाणी नाही, मी इथेच आहे’ असं खरं असेल तेवढंच सांगा.

मधेच एखादं मूल घरातली मारहाण किंवा कुणी अंगाला हात लावल्याचं बोलून जातं. गटात पुढे विचारू नका. सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी बसून ऐका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं २०१२ च्या पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, उलटतपासणी करू नका. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो.

झोप, जेवण, शाळा दोन आठवड्यांहून जास्त बिघडली, अंथरूण ओलं करणं सुटलं होतं ते परत सुरू झालं, तर पुढे डॉक्टरकडे पाठवा. मरणाची भाषा असेल तर त्याच दिवशी. सरळ विचारल्यानं तसा विचार मुलाच्या डोक्यात भरत नाही. तोवर एकटं सोडू नका, घरातलं उंदराचं औषध, फवारणीचं औषध उचलून ठेवायला सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलतात. ‘मेंटल’चं, म्हणजे मनोरुग्णालयाचं, नाव काढलं की आईबाप मागे सरतात, मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीला चला म्हटलं तर येतात. नजर लागली म्हणणाऱ्या आजीशी वाद घालू नका. नजर उतरवून झाली की डॉक्टरकडे जाऊ म्हणा.

सोबतच्या चिठ्ठीत ‘डिप्रेशन’ असं निदान लिहू नका. दिसलं ते लिहा: ‘तीन आठवडे शाळेत नाही. रात्री दोनदा उठतो. डबा तसाच परत आणतो.’