‘गुंडेदड’ म्हणजे गुंड नव्हेत

सोलापुरात समुपदेशनाला लागले तेव्हाची गोष्ट. पूर्व भागातली एक विडी कामगार बाई म्हणाली, “मॅडम, रात्री गुंडेदड होतंय बघा.” मी वहीत ‘गुंडांचा त्रास’ असं लिहिलं आणि विचारलं, “कोण आहेत? पोलिसांत सांगितलंत?” ती बघतच राहिली. तेलुगूत गुंडे म्हणजे काळीज. तिची छाती धडधडत होती.

म्हणून समुपदेशनात नव्याने आलेल्या मुलींना सांगते, पहिल्या भेटीत ‘अँझायटी’ वगैरे काढू नका. बाईचा शब्द जसाच्या तसा लिहून घ्या. मग विचारा: हे कधी होतं, तेव्हा घरात कोण असतं, घरचे याला काय म्हणतात, आधी कुठे दाखवलं? देवऋषी किंवा दर्गा असं उत्तर आलं तर भुवई हलू देऊ नका. तिथे जाऊन काय बरं वाटलं, ते विचारा. आणि धडधड म्हटली की आधी डॉक्टर. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून होऊ द्या. दिवसभर तंबाखूत हात असतात हेही तिथे सांगायला लावा.

इथे मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी सगळं एकाच गल्लीत. मी विचारते, “घरात भांडता कुठल्या भाषेत?” रडू आलं की त्याच भाषेत बोलू देते, मला निम्मंच कळलं तरी. नंतर सावकाश मराठीत सांगायला लावते. दुभाषी म्हणून पोटच्या पोरीला मात्र बसवू नका. मी एकदा बसवलं. आई पाच मिनिटं नवऱ्याच्या दारूबद्दल बोलली, आणि चौदा वर्षांची पोर म्हणाली, “आई म्हणते, सगळं ठीक आहे.” त्याच गल्लीतली शेजारीणही नको. अगदीच अडलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, तिथे तेलुगू-कन्नडची सोय आहे.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, पण कलम वाचून कुणाचा विश्वास बसत नाही. त्यापेक्षा विचारा, “सासूबाई मला रस्त्यात भेटल्या तर काय सांगू?” उत्तरावरून घरात कोणाचं चालतं तेही समजतं.

रमजानमध्ये संध्याकाळची वेळ देऊ नका, इफ्तारची घाई असते. आडनावावरून अंदाज तर मुळीच नको. एका पद्मशाली, म्हणजे इथल्या तेलुगू विणकर समाजातल्या मुलाला मी कौतुकाने त्यांच्या मार्कंडेय रथोत्सवाबद्दल विचारलं. तो म्हणाला, “त्या दिवशी मी दार लावून बसतो.” मी पेन खाली ठेवलं.