वारीची वही: वाटेवरची नोंद आणि घरी परतल्यावरचं लेखन

आळंदी ते पंढरपूर पायी वारी म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर, जवळजवळ तीन आठवडे. परतल्यावर लिहायला बसलं की दिवेघाट आठवतो, वाखरीचं रिंगण आठवतं. मधले वाल्हे, तरडगाव, बरड हे मुक्काम मात्र एकमेकांत मिसळून गेलेले असतात. वाटेत टिपायचं कशाला, नंतर आठवून लिहिता येतं, असं कुणी म्हणेल. विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास' हे प्रवासवर्णन १८५७च्या धामधुमीनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिला हे खरं, पण त्यांनी झाशीचा वेढा आत राहून पाहिला होता. असं काही जन्मभर विसरत नाही. लोणंदला पाण्याच्या टँकरवर ऐकलेलं बोलणं आठ दिवसांत विसरतं, आणि वारीचं पुस्तक तर अशाच बोलण्यांचं असतं.

वही खिशात मावेल एवढी, शिवलेल्या बांधणीची आणि पुठ्ठ्याच्या कव्हराची घ्या. स्पायरल वही पिशवीत अडकते, तार वाकते आणि नेमकी मधली पानं सुटतात. शंभर पानांच्या दोन वह्या न्या. पहिली फलटणला भरली की घरी पाठवून द्या किंवा पानांचे फोटो काढून ठेवा. जेल पेन आणि शाईचं पेन घरीच राहू दे. ज्येष्ठ-आषाढातल्या एका सरीत अख्खं पान निळं होतं. साधं बॉलपेन चालतं, मात्र ओल्या कागदावर तेही उठत नाही. तिथे शिसपेन्सिलच कामाला येते. वही झिपच्या प्लास्टिक पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत. दिवसभर अंगाला लागून राहिलेली वही पावसाइतकीच घामानंही भिजते.

नोंद दोन वेळा करायची. चालताना फक्त डावं पान वापरा. वर तिथी, तारीख, ठिकाण आणि वेळ; खाली पाच-सहा तुटक शब्द. वाक्य जुळवत बसलात तर दिंडी पुढे निघून जाते. उजवं पान संध्याकाळसाठी कोरं ठेवा. मुक्कामावर हात-पाय धुऊन झाले की जेवणाआधी अर्धा तास काढा आणि डाव्या पानावरच्या प्रत्येक शब्दासमोर वास, स्पर्श, आवाज, माणसाचं बोलणं भरा. जेवल्यावर लिहू म्हणाल तर झोप लागेल. पुणे ते सासवड हा सर्वांत लांबचा टप्पा. त्या रात्री हातात पेन धरवत नाही, म्हणून तेवढ्या दिवसापुरतं बोलून फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

बोलताना आधी ठिकाण आणि वेळ सांगा, नाहीतर वीस रेकॉर्डिंगमधलं कुठलं कुठलं ते कळत नाही. दिवेघाटात वारा थेट माइकमध्ये शिरतो. वाऱ्याकडे पाठ करा आणि फोनवर उपरण्याचा पदर धरा. टाळ-मृदंग टिपायचे तर दिंडीच्या आत नको, पंधरा-वीस फूट बाजूला उभे राहा. जवळून आवाज फाटतो आणि अभंगाचे शब्द ऐकू येत नाहीत. माणसाचं बोलणं मात्र विचारूनच रेकॉर्ड करा.

अंतरं, देवळांचा इतिहास, मुक्कामांची यादी यात वही भरू नका. ते सगळं नंतर मिळतं. नंतर न मिळणारं टिपा: चहाचा भाव, ट्रकवर बांधलेल्या तंबूच्या काठ्या, पायाच्या फोडांवर कुणी काय लावलं. संध्याकाळच्या समाज आरतीला तर वही उघडीच ठेवा. चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतात, हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग हरवलं-सापडलं पुकारलं जातं. त्या यादीत अख्खी वारी असते, ती जशी ऐकू येईल तशीच उतरवा.

नोंदीचं लेखन कसं होतं ते एका नमुन्यावर पाहू. डावं पान: 'लोणंद, दु. १. टँकर. आजी, कडी तुटलेला डबा, सुतळी. आधी त्या लेकराला दे.' उजवं पान: 'पाणी कोमट, औषधाचा वास. रांगेत पन्नासएक माणसं. आजीच्या एका पायात चप्पल, दुसऱ्याला पट्टी.' आणि घरी लिहिलेला मजकूर:

'लोणंदला टँकरपुढे पन्नासएक माणसं उभी होती. पाणी कोमट, औषधाच्या वासाचं. कडी तुटलेल्या डब्याला सुतळी ओवलेली एक आजी नळापर्यंत पोचली आणि मागे वळून म्हणाली, "आधी त्या लेकराला दे."'

पायाची पट्टी गाळली, कारण ती सुतळीवरची नजर ओढून घेते. आणि यापुढे 'वारकऱ्यांचा निःस्वार्थ भाव पाहून डोळे भरून आले' हे वाक्य, हात कितीही शिवशिवले तरी, लिहू नका. आजीनं ते सांगून टाकलेलं आहे. 'अवर्णनीय', 'भारावून गेलो', 'शब्द अपुरे पडतात' हे सगळे शब्द वहीत काही टिपलेलं नसलं की येतात.

घरी आल्यावर आठ दिवसांत दोन्ही वह्या जशाच्या तशा टाइप करा. स्वतःचं अक्षरसुद्धा महिन्याभरानं लागत नाही. मग महिनाभर त्याकडे पाहू नका. पुन्हा उघडाल तेव्हा जे प्रसंग न वाचताच आठवतात त्यांच्यावर खूण करा आणि लेखन तिथून सुरू करा, आळंदीपासून नव्हे. पहिला मुक्काम, दुसरा मुक्काम असं लिहीत गेलं की प्रत्येक प्रकरण 'पहाटे उठलो'नं उघडतं आणि वाचक सासवडपर्यंतही पोचत नाही. सुरुवात तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला होणाऱ्या उभ्या रिंगणानं झाली तरी चालेल. वाट नंतर जोडता येते.

शेवटची तपासणी तिथींची. एखाद्या तिथीचा क्षय झाला (ती गळली) किंवा वृद्धी झाली (ती दोन दिवस आली) की मुक्कामांचे दिवस मागे-पुढे होतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या वेळापत्रकावरून तारखा लावल्या की चुकतात. वहीतली तिथी आणि तारीख त्याच वर्षीच्या पंचांगाशी आणि पालखीच्या छापील वेळापत्रकाशी ताडून घ्या.