तोरणमाळला थंडीत जाताय? या चुका टाळा

आपण खान्देशवाले उन्हात तयार झालेली माणसं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर गेला तरी काय करायचं ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, डोक्याला रुमाल, अंगात सुती कापड, कामं पहाटे उरकायची आणि रात्री गच्चीवर नाहीतर पाण्याजवळ मोकळ्यात अंथरूण टाकायचं. डिसेंबर-जानेवारीत तोरणमाळला, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यातल्या थंड हवेच्या ठिकाणी, जाताना याच सवयी आपण नकळत सोबत नेतो आणि तिथंच सगळा घोळ होतो. मी बऱ्याच वर्षांपासून ग्रुपसोबत जातोय, दरवेळी कुणीतरी नवीन त्याच चुका करतो, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

आधी उंचीचं समजून घ्या. शहादा तापीच्या खोऱ्यात आणि तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास, म्हणजे सरळ हजारेक मीटर वर. हजार मीटर चढलं की तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं. शहाद्यात सकाळी १२ असेल तर वर ६ धरूनच बॅग भरा, आणि खोलगट जागेत त्याहूनही कमी. सातपुड्यात कडाक्याच्या थंडीत गवतावरचं दव गोठतं ही काही अफवा नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती तंबूच्या जागेत. यशवंत तलाव दिसला की प्रत्येकाला अगदी काठावरच तंबू हवा असतो. आम्हीही एकदा पाण्यापासून वीसेक पावलांवर ठोकला होता. रात्री दोनच्या सुमारास माझ्या गालावर टपकन थेंब पडला, वाटलं पाऊस आला, टॉर्च लावून पाहतो तर तंबूच्या आतल्या कापडावर थेंबांची रांगच्या रांग. थंडी नको म्हणून चेन वरपासून खालपर्यंत बंद केलेली, आत चौघांचा श्वास, तोच कापडाला लागून पाणी झालेला. ब्लँकेट वरून ओलं, पायमोजे ओले, मग सकाळपर्यंत कुणाचाच डोळा लागला नाही. थंड हवा जड असते, रात्री उतारावरून घरंगळत खाली येते आणि तलावाच्या खोलग्यात साचते, वर पाण्याचा ओलावा. म्हणून विचारून-परवानगी घेऊन थोडं उंचावर, वारा अडेल अशा आडोशाला तंबू लावा आणि चेन वरून चार बोटं उघडी ठेवा. अंगावर दोन गोधड्या घेण्यापेक्षा एक खाली घाला कारण जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढते. चटई नसेल तर पुठ्ठा, पोतं, जुने पेपर, काहीही चालेल.

आता हे नीट वाचा. शेकोटीतले निखारे नाहीतर कोळशाची शेगडी रात्री खोलीत किंवा तंबूत घेऊन झोपू नका, कधीच नाही, दहा मिनिटं पण नाही. बंद जागेत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका, लाल निखाऱ्याला धूर नसतोच. आत कुणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गुंगी आली तर सगळ्यांना आधी बाहेर मोकळ्या हवेत काढा, मग १०८ ला फोन. तिथं रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे कोणत्या जागेवर फोन लागतो आणि जवळ गाडी कुणाकडे आहे ते दिवसाउजेडी विचारून ठेवा.

कपड्यांचं एवढंच, सुती बनियन घामाने ओलं झालं की वाळत नाही आणि अंग गार पाडतं. चढण चढून आलात की आधी ते बदला, मग वरून स्वेटर. जाड जॅकेट एकच घेण्यापेक्षा पातळ तीन थर बरे. कुणी खूप कुडकुडतोय, बोलताना जीभ अडखळतेय, बटण लावता येत नाहीये असं दिसलं तर ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा पाजा. दारूने गरम वाटतं पण कातडीकडे रक्त धावतं आणि आतली ऊब उलट लवकर निघून जाते, म्हणून ती नको. झोपण्याआधी पोटभर जेवा, भरीत आणि कळण्याची भाकरी असेल तर अजून काय पाहिजे भो!

बाइकवाल्यांनो, शहाद्याहून दुपारीच निघा. अंतर ५० किमीच्या वर, त्यात घाट, डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य जातो. अंधारात वाऱ्याने बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला तेच कळत नाही. हातमोजे नसतील तर थांबत थांबत जा, हात काखेत धरा, छातीवर जॅकेटच्या आत पेपर घाला. उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करू नका, दुसऱ्या गिअरवर उतरा. ब्रेकचा जळका वास आला तर बाजूला घेऊन आपोआप गार होऊ द्या, पाणी ओतू नका.

सीताखाईचा धबधबा पावसाळ्यातला, थंडीत तिथं दरी पाहायची. कड्यावरचं वाळलेलं गवत दवाने ओलं असतं, बूट सरकतो, सकाळी ऊन चढेपर्यंत कडेला जाऊच नका, सेल्फीसाठी तर नाहीच. दरीत उतरायचं असेल तर गावातला एखादा दादा सोबत घ्या आणि पैसे आधी ठरवून घ्या, येताना चढायचंय हे धरून वेळ काढा.

आणि तोरणमाळ करून पुढे मनालीचं ठरवत असाल तर हिशोब वेगळा. मनालीजवळचं बर्फाचं सोलंग २,५०० मीटरच्या आसपास, बर्फात जीन्स घालून बसलात की ती भिजते आणि मग दिवस संपला, भाड्याचा सूट घेताना बुटाच्या आत हात घालून बघा, आधीच्या माणसाने ओला करून ठेवलेला असतो. ढगाळ असलं तरी गॉगल काढू नका, बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना लागतं आणि त्रास संध्याकाळी हॉटेलवर आल्यावर सुरू होतो, डोळ्यात वाळू गेल्यासारखा.