फिल्टर घेण्याआधी पाणी मोजा

दुकानात जायच्या आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. आमच्या पुण्यातल्या नळाचं पाणी भरलं ८० (लिटरमागे मिलिग्रॅम), तरी विक्रेता आरओच (क्षार काढणारा फिल्टर) गळ्यात मारायला बसलेला! पालिकेचं पाणी ५००च्या आत असेल तर यूव्ही (विजेच्या अतिनील दिव्याने जंतू मारणारा फिल्टर) पुरतो. वीज गेली की मात्र उकळून घ्यायचं.

सासरी बोअरचं पाणी ११००. पातेल्याच्या बुडाला पांढरा थर, डाळ शिजता शिजत नाही. तिथे आरओच बसवला. पण जंतू मीटरला कळत नाहीत आणि नायट्रेट वेगळं दिसत नाही, म्हणून बोअरचं पाणी आधी लॅबमध्ये तपासून घ्या.

आरओचं वाया जाणारं पाणी मी बादलीत धरते, फरशीला. झाडांना नको, क्षार फार. आणि हो, वर्षाच्या कार्ट्रिजचा (आतल्या बदलायच्या गाळणीचा) खर्च आधीच विचारा, तो कोणी आपणहून सांगत नाही.