जर्मनीत दाढ ठणकली तर सांगलीच्या तिकिटाची वाट बघू नका

गेल्या वर्षी दिवाळीच्या फराळातली चकली चावताना माझ्या डाव्या, खालच्या दाढेतलं जुनं सिमेंट निघालं. मी श्टुटगार्टला, आमचा दातांचा डॉक्टर सांगलीत, आणि तिकीट डिसेंबरचं. आपल्याकडच्या नव्वद टक्के लोकांनी केला असता तोच हिशोब मी केला: दीड महिना ढकलू, तिकडेच रूट कॅनाल करू, स्वस्तात होईल, शिवाय डॉक्टरशी मराठीत बोलता येईल.

पहिला आठवडा गार पाण्याची कळ. दुसऱ्या आठवड्यात रात्री आडवं झालं की ठणका. आईने फोनवर सांगितल्याप्रमाणे लवंग धरली, बरं वाटलं. (लवंगेचं तेल कापसाने थेट हिरडीला लावू नका, चटका बसून हिरडी सोलते. हेही मी करून बसले.) तिसऱ्या आठवड्यात दुखणं अचानक थांबलं. मी खूश! प्रत्यक्षात आतली नस मेली होती, म्हणून कळ येत नव्हती. जंतू मात्र मुळाच्या टोकापाशी निवांत वाढत होते. दहा दिवसांनी, शनिवारी रात्री, गाल पुरीसारखा फुगला.

तेव्हा पहिली गोष्ट ही की दुखायचं थांबलेली दाढ बरी झालेली नसते. दुसरी, सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे सरकत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर दातवाला शोधत बसू नका, ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर फिरवा.

तितकं नसेल तर दातांची इमर्जन्सी सेवा, म्हणजे ‘त्सानएर्त्स्टलिशर नोटडीन्स्ट’. दवाखाने बंद असतानाचा डॉक्टरांचा नंबर, ११६११७, आपल्याला पाठ असतो, पण दातांची व्यवस्था वेगळी आणि प्रत्येक राज्याची आपापली. कुठल्याही डेंटिस्टच्या बंद दवाखान्यात फोन लावला की टेपवर बहुधा त्या दिवशीचा नंबर सांगतात. तिथे पूर्ण रूट कॅनाल होईल अशी आशा ठेवू नका. माझी दाढ उघडली, पू काढला, आत औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट लावलं आणि सांगितलं, सोमवारी तुमच्या नेहमीच्या डेंटिस्टकडे जा. नेहमीचा कोण? चार वर्षं राहून मी एकही केला नव्हता.

गोळ्यांचं थोडं. आयबुप्रोफेन ४०० चिठ्ठीशिवाय मिळते, पण फक्त आपोथेकमध्ये, म्हणजे औषधांच्या दुकानात. साबण-शांपूच्या दुकानात ती शोधत मी अर्धा तास फिरले आहे. रविवारी किंवा रात्री ड्युटीवरच्या आपोथेकमध्ये अडीच युरो जास्त लागतात. आपण बॅगेतून आणलेल्या काँबिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० असतेच, वर पॅरासिटामॉल. तेव्हा दोन्ही एकावर एक घेऊ नका. आणि सांगलीहून आणलेलं अँटिबायोटिक मनाने सुरू करणं तर नकोच. मेलेल्या नसेपर्यंत रक्त पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार? सूज चार दिवस उतरते आणि परत येते.

आता दवाखान्यात फोन करताना काय बोलायचं ते. सुरुवातीच्या आठवड्यात मी एका ठिकाणी फोन करून सभ्यपणे ‘टर्मीन’, म्हणजे अपॉइंटमेंट, मागितली होती. जानेवारीतली मिळाली. चूक माझी. इथे टर्मीन मागणारा म्हणजे तपासणीला येणारा, त्याला दोन महिने थांबवतात. दुखत असेल तर पहिल्याच वाक्यात सांगायचं: ‘इश हाबं श्टार्कं त्सानश्मेर्त्सन’, मला दात खूप दुखतोय. मग आपण ‘श्मेर्त्सपात्सिएंट’, म्हणजे दुखणारा पेशंट, होतो, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मध्ये कुठेतरी घुसवतात. दोन तास बसावं लागतं. पुस्तक न्या.

सोबत विम्याचं कार्ड, घेत असलेल्या औषधांची यादी, आणि भारतातला जुना एक्स-रे असेल तर तोही. दाताचा नंबर दोन्हीकडे बहुधा एकाच पद्धतीने लिहितात. माझी दाढ ३६: तीन म्हणजे खालची डावी बाजू, सहा म्हणजे मधल्या दातापासून सहावा. हा नंबर लक्षात ठेवला की भाषा अडली तरी काम अडत नाही.

पैशाचा भाग नीट वाचा, कारण गोंधळ इथेच होतो. सरकारी विमा, म्हणजे क्रांकनकासं (बोलताना नुसतं कासं), रूट कॅनालचे पैसे देते. पुढच्या दातांना फार खळखळ नाही. दाढेला मात्र अटी आहेत: दाढ वाचवल्याने दातांची ओळ सलग राहणार असेल, किंवा त्या बाजूची ओळ मागून तोकडी व्हायची वाचणार असेल, किंवा आधीची कॅप-ब्रिज टिकणार असेल, तरच. शिवाय मुळाच्या टोकापर्यंत साफ करता येईल असं डॉक्टरला वाटलं पाहिजे. माझी ओळ सलग होती, म्हणून मी अटीत बसले. ऑफिसातल्या एका मैत्रिणीची शेजारची दाढ कॉलेजातच काढलेली होती. तिला सांगितलं, कासंच्या पैशात फक्त दात काढून मिळेल, वाचवायचा तर स्वतःच्या खिशातून.

मंजुरीत बसलं तरी एक कागद पुढे येतो. मुळातल्या नळीची लांबी यंत्राने मोजणं, मायक्रोस्कोप, अल्ट्रासाउंडने धुणं, लेझर: ही सगळी जादाची, खासगी कामं. सही करायच्या आधी दोन प्रश्न विचारा. ‘इस्ट दास आइनं कासनलाइस्टुंग?’, म्हणजे हे कासंत बसतं का? आणि लेखी अंदाजपत्रक, ‘कोस्टनफोरआनश्लाग’, द्या. हे विचारल्यावर कोणी तोंड वाकडं करत नाही. आपल्यालाच डॉक्टरला पैशाचं विचारायची लाज वाटते. खालच्या दाढेत सहसा तीन नळ्या, वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चौथी लपलेली. ती राहून गेली तर सगळं पुन्हा. म्हणून दाढ असेल तर मोजणी आणि मायक्रोस्कोपला मी पैसे दिले, लेझरला नाही म्हटलं. मला ३४० युरो पडले. तुमचा आकडा वेगळा असेल.

खासगी विमा असणाऱ्यांनी सहसा बिल आधी भरायचं आणि मग विम्याकडून पैसे मागायचे. आणि दात दुखायला लागल्यावर दातांचा जादा विमा काढायची युक्ती चालत नाही: डॉक्टरने जे सांगून ठेवलंय किंवा सुरू केलंय, ते सहसा त्यात बसत नाही.

खुर्चीवर काय होतं? इंजेक्शन, मग दातावर रबराचा पडदा, ‘कोफरडाम’. पहिल्यांदा गुदमरल्यासारखं वाटतं, नाकाने श्वास घ्या. लाळ आत जाऊ नये आणि औषध घशात जाऊ नये म्हणून तो हवाच. लावत नसतील तर विचारा. सुजलेली खालची दाढ पटकन बधिर होत नाही. सहन करू नका. आपल्याकडे ‘थोडंच राहिलंय’ ऐकून मुठी आवळून बसायची सवय असते. सुरुवातीलाच ठरवून घ्या की डावा हात वर केला की थांबायचं, आणि म्हणा ‘एस टूट नोख वे’, अजून दुखतंय. माझ्या डॉक्टरीणबाईंनी त्यावर तीनदा इंजेक्शन दिलं, न कुरकुरता. मला एकूण तीन बैठका लागल्या. त्या दिवसांची सिक लीव्ह डेंटिस्टही देतो.

रूट कॅनाल झालेली दाढ ठिसूळ होते, तिच्यावर कॅप लागते, आणि कॅपचा हिशोब अगदी वेगळा. आधी ‘हाइल उंड कोस्टनप्लान’ नावाचा उपचाराचा आणि खर्चाचा आराखडा डॉक्टर कासंकडे पाठवतो. मंजुरी आल्यावर सहा महिन्यांत काम करून घ्यायचं. कासं ६० टक्के देते, हे ऐकून मी हुरळले होते. ते ६० टक्के साध्या, ठरावीक कॅपच्या खर्चाचे असतात, तुमच्या बिलाचे नव्हेत, आणि मागच्या दाढेची ठरावीक कॅप म्हणजे नुसत्या धातूची. मी दातासारखी दिसणारी निवडली. ७९० युरोच्या बिलात कासंचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून कमी. दरवर्षी एकदा तपासणी करून बोनुसहेफ्टमध्ये, म्हणजे तपासण्यांच्या चोपड्यात, नोंद घेतली तर पाच वर्षांनी ६० चे ७० आणि दहा वर्षांनी ७५ टक्के होतात. चार वर्षं मी ते चोपडं घेतलंच नव्हतं. उत्पन्न फार कमी असेल, शिकत असाल, तर ‘हेर्टफाल’ची, म्हणजे कमी उत्पन्नासाठीच्या सवलतीची, चौकशी करा, साध्या कॅपचा पूर्ण खर्च मिळू शकतो.

मग कॅप सांगलीत का नाही बसवली? विचार केला होता. पैसे नक्की वाचले असते. पण कॅप उंच बसली, दुखली, निघाली, तर दाखवायला कुठे जाणार? इथे कॅपची दोन वर्षं जबाबदारी डॉक्टरची असते. तरीही अर्धं काम इथे, अर्धं तिथे करायचंच असेल, तर निदान नळ्या पूर्ण भरून आणि वर पक्कं सिमेंट घेऊनच विमानात बसा. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांचंच असतं. एक्स-रेची आणि नोंदींची प्रत मागून घ्या. ती मिळणं तुमचा हक्क आहे.

आता उन्हाळ्यात आई-बाबा येणार आहेत. व्हिसासाठी काढतात त्या प्रवास विम्यात दातांचं म्हणजे बहुतेक फक्त कळ थांबवण्यापुरतं असतं, कॅप वगैरे काही नाही. बाबांची एक कॅप हलतेय. ती निघायच्या आधी सांगलीतच बसवून घ्या म्हणून गेले तीन रविवार फोनवर मागे लागलेय, आणि ते म्हणताहेत, ‘अगं, दुखत नाही ना, मग कशाला?’